गावच्या महिला बचत गटासाठी मुगवड्या-कुरड्यांच्या जाहिरातीसारख्या कामांना चॅटजीपीटीचे तयार प्रॉम्प्ट (बॉटला लिहून द्यायचा मजकूर) कुठे मिळतील आणि ग्रुपवर कसे वाटावेत?

'हजार प्रॉम्प्टची पीडीएफ' विकत घेऊ नका, फुकट भरपूर आहेत. गिटहब या कोड आणि मजकूर वाटण्याच्या वेबसाइटवरचा 'ऑसम चॅटजीपीटी प्रॉम्प्ट्स' हा इंग्रजी संग्रह सगळ्यांत ओळखीचा. त्यातले बरेच 'तू अमुक आहेस असं समज' असे सुरू होतात. माझ्या मते नुसत्या सोंगाने काही होत नाही, उत्तर गोडगोड आणि पोकळ येतं. आपला तपशील घातला तरच कामाचं निघतं. तुम्ही मुगवड्या-कुरड्यांच्या जाहिरातीचं विचारलं आहे, तर हा घ्या:

"व्हॉट्सॲपसाठी जाहिरात लिही. माल: .... पाकीट: .... ग्रॅम. भाव: .... रुपये. गिऱ्हाईक: नागपूर-अमरावतीत राहणारी, मूळची खेड्यातली माणसं. ६० शब्दांच्या आत, बोलल्यासारखं. 'अस्सल', 'पारंपरिक' हे शब्द नकोत. मी न सांगितलेलं काही जोडू नको. माहिती कमी पडली तर आधी ३ प्रश्न विचार."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ती नसली की बॉट मनानेच 'शंभर टक्के सेंद्रिय' ठोकून देतो, कधी एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, १४ आकडी नंबरसुद्धा रचतो. तो पाकिटावर छापला गेला तर निस्तरायचं बायांना.

ग्रुपवर टाकताना प्रॉम्प्ट एका मेसेजमध्ये, सूचना दुसऱ्यात. दोन-तीन मेसेज एकदम कॉपी केले की तारीख आणि पाठवणारीचं नाव मध्ये घुसतं, आणि बॉट त्यालाही मजकूर समजतो. रिकाम्या जागी अंडरस्कोर नको, व्हॉट्सॲप त्याने अक्षरं तिरकी करतं. वर दिलेत तसे ठिपके बरे. सोबत एक भरलेला नमुना आणि त्यावर आलेलं उत्तर जरूर टाका, चुकलेलं असलं तरी. ते पाहूनच बाकीच्यांना कळतं काय भरायचं ते.

शेतीचे प्रॉम्प्ट जरा जपून. 'पऱ्हाटी' लिहिलं की बॉट कधी कधी गोंधळतो, 'कापूस' लिहा. संत्र्याबद्दल विचारताना आंबिया की मृग बहार हे पहिल्याच ओळीत हवं, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा आणि जून-जुलैचा फुलोरा यांची खिचडी होते. फवारणीचं प्रमाण मात्र विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती विषबाधा झाल्या ते आठवा. डोस डब्यावरच्या लेबलवरून किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) घ्यायचा.

बँकेच्या अर्जाचा मसुदा करून घेताना आधार आणि खाते क्रमांकाच्या जागी ठिपकेच राहू द्या. प्रिंट काढली की पेनाने भरा.