काटा खरा की चार्ट खरा?

वाचक विचारतात
उत्तरं : अतिदक्षता विभागातल्या ज्येष्ठ परिचारिका

प्रश्न : सिस्टर, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. न्यूमोनिया आणि त्यातून सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडणं) झाल्यामुळे ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. दाखल केलं तेव्हा वजन ६२ किलो होतं. चौथ्या दिवशी आत सोडलं, तर चेहरा ओळखू येईना इतका सुजलेला, बोटं टम्म फुगलेली. डॉक्टर म्हणाले, "चार दिवसांत सात लिटर प्लस आहेत," म्हणजे चार्टवर आत गेलेलं पाणी बाहेर पडलेल्यापेक्षा सात लिटर जास्त. त्याच सकाळी बेडच्या काट्यावर मात्र वजन ६६ भरलं. मग बाकीचे तीन लिटर गेले कुठे? कुणी मोजायला चुकलं का? आणि आता लघवी होण्याची इंजेक्शनं सुरू केली आहेत. आधी सलाईन भरायचं आणि मग तेच काढायचं, याला काय म्हणायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला वाटतं तुमची झोप त्यानेच उडवली असेल. तुमची कुणी फसवणूक करत नाहीये. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने सलाईन देण्याची शिफारस आहे. ६२ किलोच्या माणसाला ते दोन लिटरच्या जवळपास होतं. ते दिलं नाही तर मूत्रपिंडांपर्यंत रक्त पोहोचत नाही. पण याच आजारात बारीक रक्तवाहिन्या झिरपायलाही लागतात. दिलेल्या पाण्याचा मोठा भाग वाहिन्यांत न थांबता मांसात, कातडीखाली, फुप्फुसांत जातो आणि भिंतीत ओल मुरावी तसा मुरून बसतो. रक्तदाब स्थिरावला, बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप कमी झाला की मग हे पाणी बाहेर काढायचं काम सुरू होतं. पहिल्या दिवशी भरणं बरोबर होतं आणि आज काढणंही बरोबर आहे.

हे नुसतं माझं मत नाही. फुप्फुसं गंभीर सुजलेल्या एक हजार रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सढळ हाताने पाणी दिलं, दुसऱ्याला हात राखून. सात दिवसांनी सढळ गट सरासरी सात लिटर प्लस होता, हात राखलेला जवळजवळ शून्यावर. मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण हात राखलेल्या गटातल्या रुग्णांना पहिल्या २८ दिवसांत व्हेंटिलेटरविना सरासरी अडीच दिवस जास्त मिळाले. आयसीयूत अडीच दिवस म्हणजे किती, हे बाहेरच्या बाकावर बसणाऱ्याला मी सांगायला नको.

आता तुमचे तीन लिटर. ते हरवलेले नाहीत, चार्टवर मांडता येत नाहीत एवढंच. आमच्या चार्टवर जे मोजता येतं तेच चढतं. एका बाजूला सलाईन, रक्त, नाकातल्या नळीतून दिलेलं फीड. दुसऱ्या बाजूला लघवी, ड्रेन म्हणजे शरीरातलं साचलेलं पाणी काढणारी नळी, आणि नाकातल्या नळीतून परत आलेलं. कातडीतून आणि श्वासातून जाणारी वाफ कुठल्याच बॅगेत पडत नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि असते. ताप एका अंश सेल्सिअसने चढला की त्यात दहाएक टक्के भर पडते आणि घाम फुटला तर त्याचा हिशेबच नाही. चार दिवस ताप होता असं धरलं, तर अडीच-तीन लिटर इथेच निघतात. व्हेंटिलेटरची हवा दमट करून देतात म्हणून श्वासातून थोडं कमी जातं. शरीर स्वतःही अन्न जाळताना दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी तयार करतं. तेव्हा आकडे अगदी चपखल बसणार नाहीत, पण तुमच्या वडिलांचे बऱ्यापैकी बसतात.

हा न दिसणारा खर्च पहिल्यांदा काट्यावर पकडला तो इटलीतल्या सान्तोरिओ नावाच्या वैद्याने. पाडुआला शिकवणाऱ्या या गृहस्थाने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं स्वतःचं वजन केलं, खाल्लं-प्यायलं ते तोललं आणि बाहेर पडलं तेही तोललं. हिशेब कधीच जुळेना. बरंचसं वजन डोळ्यांना न दिसता उडून जातं, हे त्याने १६१४ मध्ये छापून मांडलं. आमच्या चार्टला आजही तोच खड्डा आहे.

मग नुसतं वजनच का करू नये? कारण काटाही फसवतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. पहाटे पाचला आमच्याकडे वजन घेतात. एक सिस्टर व्हेंटिलेटरच्या नळ्या उचलून धरते, दुसरी युरोबॅग (लघवी जमणारी पिशवी) बेडच्या दांडीवरून काढून हातात घेते, वॉर्डमामा पांघरूण आणि जादा उशी बाजूला करतात. आकडा स्थिर होईपर्यंत कुणी बेडला हात लावायचा नाही. युरोबॅग दांडीवरच राहिली, तर लघवी चार्टवर 'गेली' म्हणून लिहिलेली आणि काट्यावर अजून आहेच. घरून आणलेली गोधडी अंगावर राहिली तर किलो-दीड किलो तिचंच. बेडचा काटा शून्यावर आणला तेव्हा हवेची गादी होती का, हेही बघावं लागतं. शिवाय दिवस जातात तसं स्नायू झडतात. इंग्लंडमधल्या २०१३ च्या अभ्यासात दहाव्या दिवसापर्यंत मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. म्हणजे वजन तेवढंच दिसतं, पण आत मांस कमी आणि पाणी जास्त, असंही होतं.

म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे. यातला फरक कागदापुरता नसतो. पाणी मूळ वजनाच्या १० टक्क्यांच्या वर गेलं की आमचे डॉक्टर सावध होतात. सात लिटर प्लस धरले तर तुमच्या वडिलांचे ११ टक्के होतात, काट्यावरचे चार किलो धरले तर साडेसहाच. लघवीचं इंजेक्शन किती जोरात द्यायचं, डायलिसिसवर पाणी खेचायचं का, हे त्यावर ठरतं. मग रुग्णाला हात लावून बघावं लागतं. झोपलेल्या माणसाची सूज पायांपेक्षा माकडहाडाच्या वर आधी जमते. कूस बदलताना तिथे अंगठा दाबला की खळगा राहतो. तो किती वेळ टिकतो ते आम्ही डॉक्टरांना सांगतो. तासाची लघवी मोजायचीच. ६२ किलोच्या माणसाला ताशी ३० मिलि हा आमचा खालचा काठ.

एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगते. पुष्कळ ठिकाणी दाखल करताना फाईलवर 'वजन अंदाजे ६०' असं लिहून पुढे जातात. धावपळ असते, बेडला काटा नसतो, सगळं खरं. पण सलाईन, औषधांचे डोस, टक्केवारी, सगळं त्या एका अंदाजावर उभं राहतं. तुम्ही नातेवाईक यात खूप मदत करू शकता. ओपीडीच्या जुन्या कागदावर आजारापूर्वीचं वजन असेल तर तो कागद घेऊन या. आणि डॉक्टर भेटतील तेव्हा "बरे आहेत का?" याच्या जोडीला "आज वजन किती? प्लस की मायनस?" असं विचारा. चांगल्या युनिटमध्ये कुणी वाईट वाटून घेत नाही. वडिलांच्या इंजेक्शनांनंतर दिवसाला अर्धा ते एक किलो उतरू लागलं आणि बीपी टिकून राहिलं, तर मला त्यात समाधान वाटेल.

हेही विचारा की औषधांतून किती पाणी जातंय. अँटिबायोटिक १०० मिलिमध्ये तीनदा, तापाची १०० मिलिची बाटली तीनदा, हे एकही 'सलाईन' न लावता ६०० मिलि झालं. ते थोड्या पाण्यात देता येतं का, हे डॉक्टर ठरवतात. आमच्याकडे राउंडला हा विषय रोज निघतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं हृदय अशक्त आहे, किडनीही थोडी कमी चालते. आयसीयूत ते पाण्यासाठी अक्षरशः हात जोडत होते आणि सिस्टर दोन चमच्यांवर देत नव्हत्या. दिरांनी भेटीच्या वेळेत गुपचूप शहाळं पाजलं. नंतर फार आरडाओरडा झाला. तहानलेल्याला पाणी देणं हा गुन्हा आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : वहिनी, गुन्हा नाही, आणि तुमच्या दिरांची माया मला कळते. आरडाओरडा करायला नको होता, शांतपणे सांगता आलं असतं. पण शहाळं हे सगळ्यांत वाईट निवडलं गेलं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी मंद असेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. वर ते सुमारे पाव लिटर पाणी कुठेच लिहिलं गेलं नाही. रात्री दम वाढला तर डॉक्टर कारण शोधत बसणार. व्हेंटिलेटरची नळी नुकती काढली असेल तर आणखी धोका, गिळणं जागेवर आलेलं नसतं आणि घोट श्वासनलिकेत जातो. म्हणून आधी चमचाभर पाण्यावर गिळून घेऊन पाहतात.

तहान मात्र खरी असते आणि तिच्यासाठी करण्यासारखं असतं. तोंड दर दोन-तीन तासांनी गार पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसून घ्यायला सांगा. परवानगी असेल तर बर्फाचा लहान खडा चघळायला देतात, तोही चार्टवर चढतो. दिवसाचं ठरलेलं पाणी एका बाटलीत भरून उशाशी ठेवावं. किती उरलंय हे दिसलं की पुष्कळ रुग्ण स्वतःच पुरवून पितात. आणि कुणी काही पाजलंच असेल, तर लगेच सांगा. किती आणि कधी, एवढं कळलं तरी आम्हाला पुढचं सांभाळता येतं.

प्रश्न : हार्ट फेल्युअरनंतर आईला घरी सोडलंय. 'रोज वजन करा' एवढंच सांगितलं. कसं आणि कशासाठी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सूज दिसायच्या आधी पाणी काट्यावर दिसतं, त्यासाठी. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा सपाट फरशीवर ठेवा, चटईवर किंवा पायपुसण्यावर नको. आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, किंवा झोपल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. वजन भराभर उतरून चक्कर येत असेल तरीही फोन करा, लघवीच्या गोळीचा डोस कमी करावा लागेल. गोळी आपल्या मनाने वाढवू किंवा थांबवू नका.

घरचा काटा दवाखान्यातल्यापेक्षा किलोभर कमी-जास्त दाखवत असेल तर चालेल, आपल्याला रोजचा फरक हवा आहे. फक्त मध्येच काटा बदलू नका. बदलावाच लागला, तर त्या सकाळी दोन्हींवर वजन करून दोन्ही आकडे लिहून ठेवा.