सहावीतलं कुलूप आणि गणिताची धास्ती

प्रश्न : आमचा मुलगा येत्या सप्टेंबरात सहावीत, म्हणजे मिडल स्कूलला जाईल. जुलै उजाडल्यापासून गप्प गप्प असतो. विचारलं की ‘काही नाही’. त्याला अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ (गणिताचा वरचा गट) मिळालेलं नाही, तेच मनाला लागलं असेल का? घरी जादा अभ्यास सुरू करू का?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

ताई, गणिताचं तुमच्या मनाला लागलंय. त्याच्या डोक्यात बहुधा वेगळंच काही चाललंय: लॉकर (शाळेतलं स्वतःचं कुलपाचं कपाट) उघडला नाही तर? वर्ग सापडला नाही तर? डबा खायला कुणाशेजारी बसायचं?

आपण भारतात शिकलो तेव्हा बाकावर बसून राहायचो आणि तास संपला की सर बदलायचे. इथे सर जागेवर असतात आणि पोरं धावतात. पाचवीपर्यंत एक वर्ग, एक बाई. सहावीत दर तासाला नवा वर्ग आणि मधे जेमतेम तीन ते पाच मिनिटं. ही धावपळ आपण अनुभवलेली नाही, म्हणून आपल्याला ती सुचतही नाही.

तेव्हा आधी शाळेला विचारा, लॉकर आहेत का? (काही शाळांनी बंद केलेत.) असतील तर आकड्यांचं फिरवायचं कुलूप आजच आणा. उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे घेऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर, आणि पुन्हा उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. आकडा ओलांडून पुढे गेलं की सगळं पहिल्यापासून. टेबलावर जमलं की खांद्यावर दप्तर अडकवून, उभ्याने करायला लावा. आजोबा आले असतील तर घड्याळ त्यांच्या हातात द्या, आवडीने वेळ लावतील. ऑगस्टअखेर शाळा बघायला बोलावतात, तेव्हा वेळापत्रक हातात घेऊन एकेका वर्गापर्यंत चालून या. पुढे त्याला चालू द्या, तुम्ही मागे. लसींचं तेवढं आताच उरका: न्यू जर्सीत सहावीसाठी ११ वर्षं पूर्ण झाली की टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिन्जोकॉकल (मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची) अशा दोन लसी लागतात.

डब्याचं जरा नाजूक आहे. जेवणाची सुट्टी गटागटाने होते, त्यामुळे जिवलग मित्र नेमका दुसऱ्या गटात निघू शकतो. मंडळातलं, शेजारचं कोणी त्याच शाळेत जाणार असेल तर शाळा सुरू होण्याआधी दोन-तीनदा घरी बोलवा. आणि तो म्हणाला, ‘पोळी-भाजी नको’, तर संस्कृतीवर व्याख्यान नको. सँडविच द्या. चारला घरी आल्यावर वरण-भात आहेच.

पीटीला कपडे बदलावे लागतात, डिओडरंट लागतो. हे बाबांनी गाडीत, सहज सांगावं. गाडीत समोरासमोर बघावं लागत नाही, मुलं बोलतात. तिथेही ‘दिवस कसा गेला?’ विचारलं तर ‘फाइन’ एवढंच मिळेल. ‘आज डबा खाताना शेजारी कोण होतं?’ विचारून बघा.

शाळा सुरू झाली की मार्क तुमच्या फोनवर दिसू लागतील. माझं स्पष्ट मत : रोज उघडू नका. रविवारी त्याला शेजारी बसवून एकदाच बघा. सुरुवातीला एखादं शून्य हमखास दिसतं, कारण गृहपाठ केलेला असतो पण ऑनलाइन जमा करायचा राहिलेला असतो. शिक्षकांना ईमेल त्यालाच लिहू द्या. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्ड त्याच्या हाती.

राहिलं गणित. सातवीला वरच्या गटात जायची सोय असते का, हे हिवाळ्यात शाळेच्या काउन्सेलरना विचारा. नियम गावागणिक वेगळे असतात. आता वरचा गट हुकला म्हणून पुढची वाट बंद होत नाही: आठवीत अल्जिब्रा न घेतलेली मुलंसुद्धा हायस्कुलात एखाद्या वर्षी गणिताचे दोन कोर्स एकत्र घेऊन किंवा उन्हाळी वर्ग करून कॅल्क्युलसपर्यंत पोचतात. जादा अभ्यास त्याने मागितला तर द्या, पण निदान ऑक्टोबरपर्यंत थांबा.