प्री-वेडिंगसाठी एशियाटिकच्या पायऱ्या सोडून फोर्टात वेगळी जागा कोणती?

तुमचं लग्न डिसेंबरात आहे, एशियाटिक सोसायटीच्या (जुन्या टाउन हॉलच्या) पायऱ्यांवरचे फोटो बघून कंटाळा आलाय, म्हणून फोर्टात दुसरी जागा आणि लागणारा वेळ विचारलाय. जागा सांगतो. पण आधी त्या पायऱ्यांची बाजू घेतो. मी तिथं बारा वर्षं फोटो काढतोय आणि दोष पायऱ्यांचा नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एकाबरोबर भागीदारीत होतो. वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्याचा एकच हट्ट, इमारत अख्खी आली पाहिजे. गिऱ्हाइकानं मुंबईचे पैसे मोजलेत तर मुंबई दिसली पाहिजे, असं म्हणायचा. एकदा एका जोडप्याचं शूट होतं, मुलगी गिरगावातली, मुलगा डोंबिवलीचा. रविवारी पहाटे साडेसहाला एशियाटिकला पोचलो. दादानं दोघांना सगळ्यात वरच्या पायरीवर उभं केलं, स्वतः खाली फुटपाथवर बसला, १६ मिलिमीटरची वाइड लेन्स (खूप रुंद दृश्य घेणारी) लावली आणि कॅमेरा वर उचलला. आठही डोरिक, म्हणजे ग्रीक धाटणीचे जाड खांब मागे कलंडले, तीस पायऱ्यांनी अर्धा फोटो खाल्ला आणि ती दोघं सुपारीएवढी झाली.

दादा लाइट आवरत होता तेव्हा मुलगी चौथ्या-पाचव्या पायरीवर टेकली, नवऱ्या मुलाच्या हातातून पाण्याची बाटली घेतली आणि काहीतरी बोलून हसली. मी ८५ च्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं एक फ्रेम घेतली. मागे फक्त दोन खांबांचे बुंधे. दादानं ती अल्बममधून काढून टाकली. म्हणाला, ‘‘ही कुठली जागा ते कळत तरी का?’’

१२ बाय ३६ इंचांचा करिझ्मा अल्बम (फोटो थेट पानांवर छापलेला) घेऊन आम्ही मुलीच्या चाळीत गेलो. तिच्या आजींनी चष्मा पुसला, पहिलंच मोठं पान उघडलं, त्यावर बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, ‘‘इमारत छान आलीय हो. आमची पोर कुठंय?’’ जिन्यात दादा म्हणाला, ‘‘म्हाताऱ्या माणसांना फोटोतलं काय कळतं.’’ मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून सलतं. पुढच्या आठवड्यात ती बाटलीची फ्रेम माझ्या खर्चानं ८ बाय १० करून नेऊन दिली. आजींनी ती टीव्हीवरच्या फळीवर ठेवली. दादाला कळलं तेव्हा मी त्याला तोंडघशी पाडलं असं तो म्हणाला, आणि त्या दिवाळीनंतर भागीदारी संपली.

तर जागा. ओव्हल मैदान घ्या. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या काळातल्या शैलीच्या इमारतींची रांग. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलंय. सकाळचं ऊन डेकोच्या दर्शनी बाजूवर पडतं, संध्याकाळचं राजाबाईवर. वेळ उलटी धरलीत तर मागची इमारत काळी येईल. बॅलार्ड इस्टेट रविवारी शांत असते, इमारती एका उंचीच्या, एका बाजाच्या. आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवे ऑफ इंडियावालाच. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर मी शूट घेत नाही. तिथं लोक क्रियाकर्माला येतात, त्यांच्यासमोर घागरा गोल फिरवणं मला पटत नाही.

फोटोग्राफर ठरवताना त्याला एकच विचारा, जोडप्यापासून किती लांब उभा राहणार? ‘इमारत पूर्ण घेऊ’ म्हणत वाइड काढणारा असेल तर नमस्कार करून निघा. एशियाटिकचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी पायऱ्यांवर सावलीचा मऊ उजेड असतो, डोळे बारीक होत नाहीत. संध्याकाळी ऊन थेट तोंडावर येतं. एका जागेला अडीच तास पुरतात. एका सकाळी तीन जागा कोंबू नका, सगळा वेळ गाडीत आणि कपडे बदलण्यात जातो.

परवानगीचं राहिलंच. ट्रायपॉड, लाइट दिसले की कुणीतरी विचारायला येतं. इमारतीचं आवार, मैदान, रेल्वेची हद्द, प्रत्येकाचे नियम वेगळे. ते फोटोग्राफरनं आधी विचारून ठेवायचे, तुम्ही नाही.

आणि हेही कबूल करतो, अल्बममध्ये अख्ख्या इमारतीचा एक फोटो हवा. पण तो मागे सरकून. जोडप्याला पायऱ्यांवरून उतरवून रस्त्याच्या अलीकडे आणायचं, आपण हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या फाटकाला पाठ लावायची, अ‍ॅपर्चर आठवर, म्हणजे मागची इमारतही स्पष्ट येते, आणि गाड्या नसलेला क्षण धरायचा. मागच्या वर्षी एका जोडप्याचा असा काढला. आठही खांब सरळ, आणि दोघांचे चेहरे लांबूनही ओळखू येतात. दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं.