प्रार्थना करूनही आजोबा बरे का होत नाहीत? (मुलांना पत्र)

प्रिय बाळा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज काल ड्युटीवरून आल्यावर वाचला, पण असल्या प्रश्नाला दोन ओळीत उत्तर देऊन भागत नाही म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहितेय. तू विचारलंस की आजोबांसाठी एवढी प्रार्थना चाललीय, पास्टर घरी येऊन गेले, चर्चमध्ये त्यांचं नाव घेतलं, तरी स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात उचलत नाही, मग आजी रोज रात्री पेटी काढून, अभंग गाऊन देवाचे आभार कसले मानते? आणि वर्गातली मुलं म्हणाली की ख्रिश्चन लोक कुठे अभंग म्हणतात, तर हे आपलं मराठी लोकांचं आहे की चर्चचं?

दुसरं आधी सांगते कारण ते सोपंय. दोन्हीचं आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 ला आले आणि त्यानंतर बरीच वर्षं चर्चमधली पुष्कळशी गाणी इंग्लिश चालींवर असायची. मग आले नारायण वामन टिळक, कोकणातले ब्राह्मण, आधीपासूनच कवी. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये आपल्या मुंबईतच झाला. त्यांनी येशूवर अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली, कारण आपल्या माणसाने देवाशी आपल्याच सुरात बोलावं असं त्यांना मनापासून वाटायचं. आजीच्या पुस्तकातली कितीतरी गाणी त्यांचीच आहेत. आणि त्या माणसाने सोसलंही खूप हं, बाप्तिस्म्यानंतर त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि मुलगा काही वर्षं त्यांच्यापासून दूर होते, पुढे 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आजी जे गाते ते सगळं सुखात बसून लिहिलेलं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. आपल्या हॉलमध्ये भिंतीवर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन लावलंय ना, देव म्हणतो की तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायचे. ते वचन खूप घरांत असतं पण त्याच्या आधीचं कोणी फ्रेम करून लावत नाही. ते मुळात एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. त्यांना कोणीतरी सांगत होतं की बस, दोन वर्षांत घरी जाल. यिर्मयाने तसं खोटं सांगितलं नाही, त्याने लिहिलं की 70 वर्षं लागतील, तोपर्यंत तिथे घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि मग त्याच पत्रात ते आशेचं वचन येतं. मी इथे परदेशात राहते म्हणून असेल पण मला हे पत्र फार जवळचं वाटतं. ज्यांनी ते ऐकलं त्यातल्या म्हाताऱ्यांना घर परत दिसणारच नव्हतं, तरी देवाने त्यांना सोडलेलं नव्हतं. आजीचा भरवसा हा असा आहे. हात अमुक तारखेला उचलेल असं देवाने तिला लिहून दिलेलं नाही, आणि तिने मागितलेलंही नाही.

पुढच्या वेळी गिरगावात गेलात की खोताच्या वाडीतला क्रूस नीट बघ. मुंबईत गावठाणांतून, वाड्यांतून असे कितीतरी क्रूस आहेत आणि त्यातले बरेच 1896 च्या प्लेगमध्ये लोकांनी उभे केले. प्लेग काही लगेच गेला नाही, पुढे वर्षानुवर्षं येत राहिला, घरातली माणसं जात राहिली, तरी लोक क्रुसाजवळ जमून प्रार्थना करत राहिले. आपण प्रोटेस्टंट, ते कॅथलिक, रीत वेगळी असेल, पण त्यांनी नवस फसला म्हणून क्रूस उपटून टाकला नाही हे मला फार मोठं वाटतं.

आणि एक सांगू का, चिडायला परवानगी आहे. येशू स्वतः क्रुसावर म्हणाला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ही बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ. रागावला तरी देवाकडेच बघून रागावला बघ. आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी निघाली, आपल्या सगळ्या आशेचा पाया तोच आहे, आजोबांच्या रिपोर्टवर तो अवलंबून नाही. त्यामुळे आजोबा बरे झाले नाहीत तर देव हरला असं आजीला कधी वाटणार नाही, आणि तुझी प्रार्थना कमी पडली असंही नाही, हे तर तू डोक्यातून काढूनच टाक. असं कोणी चर्चमध्ये म्हणालं तरी मनावर घेऊ नकोस.

मी नर्स आहे म्हणून हे पण सांगते, देवावर भरवसा आहे म्हणून गोळी चुकवायची नसते आणि फिजिओचा व्यायाम टाळायचा नसतो. स्ट्रोकनंतर पहिले काही महिने तर रोजच्या व्यायामाला फार किंमत असते. संध्याकाळी तू त्यांच्याजवळ बसून बोटं उघडबंद करून घे, डॉक्टरने दाखवलंय तसंच, जोर लावायचा नाही. मग आजीबरोबर 13 वं स्तोत्र वाच, छोटंसं आहे, सुरुवातच 'किती काळ' अशी आहे, आणि तुला जे वाटतं ते मोठ्याने बोल, आजी रागावणार नाही. शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल करते, आजोबांना पण बसव.

तुझी,
आई