ओतकामाचं यंत्र नंतर, आधी टर्म विमा

प्रश्न (चार पानी पत्राचा सारांश): मी ३९ वर्षांचा, चिपळूणला राहतो. खासगी कंपनीत नोकरी आहे, हातात महिना ७८ हजार येतात. पत्नी घर सांभाळते, मुलगी पाच वर्षांची. घरकर्जाचे ३२ लाख बाकी आहेत. गेली सहा वर्षं मी घरीच धातूचे सैनिक ओततो. २८ मिलिमीटर मापाचे गारदी, भालाईत, सुतरनाळ (उंटावरची हलकी तोफ) लादलेले उंट, असईला लढलेल्या शिंद्यांच्या कंपूतले (कवायती फौजेतले) शिपाई. संग्राहक आणि टेबलावर लढाया मांडून खेळणारे लोक ते ३५० रुपयांना एक असे घेतात. गेल्या १४ महिन्यांत ५१० नग गेले, म्हणजे महिना बारा-तेरा हजारांची कमाई. आता सेंट्रिफ्युगल कास्टिंगचं (फिरत्या साच्यात धातू ओतायचं) यंत्र, रबरी साचे भाजायचा प्रेस आणि भट्टी असं सगळं साडेतीन लाखांत मिळतंय. महिन्याला हजार नग काढले तर दोन वर्षांत नोकरी सोडता येईल. त्यासाठी मुलीच्या नावाची चार लाखांची एफडी मोडू, की बँकेतून घेतलेल्या पॉलिसीवर कर्ज काढू? पॉलिसीत १४ लाखांचं कव्हर आहे आणि माझा जुन्या सैनिकांचा संग्रह नऊ लाखांचा आहे, त्यामुळे घरच्यांची काळजी नाही.

उत्तर: एफडी मोडू नका, पॉलिसीवर कर्ज काढू नका, आणि यंत्र सध्या घेऊ नका. पॉलिसीवर तुम्हाला साडेतीन लाख मिळणारही नाहीत. चार हप्ते भरलेत, म्हणजे २ लाख ८० हजार. अशा पॉलिसीची सरेंडर किंमत, म्हणजे ती मधेच बंद केल्यास मिळणारी रक्कम, या टप्प्याला भरलेल्या पैशांच्या साधारण निम्मी असते आणि कर्ज त्याच्या ८०-९० टक्के. सव्वा लाख हातात पडले तरी खूप. ज्यांनी पॉलिसी विकली त्यांनी हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

यंत्राचं गणित पटकन उरकतो, कारण मला दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचं आहे.

बारा-तेरा हजार ही तुमची विक्री आहे, कमाई नाही. एका नगाला धातू २५ रुपयांचा धरलात, कारण तुम्ही जुन्या बॅटऱ्यांचं शिसं मिसळता. ते का थांबवायचं ते पुढे येईलच. शिसं वगळून कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मिश्रधातू वापरलात तर तुम्ही दिलेल्या तीन हजार रुपये किलोच्या भावाने नग ५५ रुपयांना पडेल. कथील हलकं असल्याने वजन थोडं कमी भरतं, ते यात धरलंय. सिलिकॉनचा साचा पन्नासेक ओतांत फाटतो असं तुम्हीच लिहिता, त्याचे ४०. डबी, फोम, कुरिअरचं पाकीट ३५. विक्रीच्या साइटचं कमिशन आणि पेमेंटचे पैसे ४०. राहिले १८० रुपये. महिन्याला ३६ नग, म्हणजे साडेसहा हजार. छंद स्वतःचा खर्च भागवून वर एवढं देत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण यंत्र घेतलं की एफडीचं गेलेलं व्याज महिना दोन हजार आणि दहा वर्षांत यंत्राची झीज धरली तर आणखी तीन हजार. साडेसहातले दीड हजार उरले.

हजार नगांचं म्हणाल तर, एका नगाला सुरुवातीपासून पॅकिंगपर्यंत २५ मिनिटं लागतात असं तुम्ही मांडलंय. त्यात ओतायला पाचच मिनिटं जातात. बाकीची वीस मिनिटं कुठे जातात ते तुम्हीच छान लिहिलंय: साच्याला टाल्कम पावडर लावायची, पहिले चार-पाच नग थंड साच्यात अर्धवट भरतात ते परत भांड्यात टाकायचे, मग धातू ओतायच्या वाटेत गोठलेला दांडा कापायचा, सांध्याची रेघ बारीक कानशीने घासायची आणि बंदुकीच्या नळीजवळची पापडी काढताना नळीच मोडू नये म्हणून श्वास रोखायचा. यंत्र तुमची पाच मिनिटं वाचवेल, ही वीस तशीच राहतील. हजार नगांना ३३३ तास. रोज आठ तास, २६ दिवस काम केलं तरी २०८ तास होतात. शिवाय ओतलेले ६० नग आजही खणात पडून आहेत असं पत्रात आहे. ज्याच्याकडे माल पडून आहे त्याची अडचण उत्पादनाची नसते, गिऱ्हाइकाची असते. एकदा खात्री करून घ्यायचीच असेल तर इमिटेशन दागिन्यांच्या धंद्यात हेच यंत्र आणि असेच रबरी साचे रोज चालतात. तुमचा मूळ नमुना देऊन २०० नग ओतून घ्या. ते सहा महिन्यांत विकले गेले तर मला परत लिहा.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येतो: ‘घरच्यांची काळजी नाही.’

समजा उद्या तुम्हाला काही झालं. पॉलिसीचे १४ लाख आणि पीएफचे ६ लाख, एकूण २० लाख घरात येतील. बँकेचं कर्ज ३२ लाख. सगळे पैसे बँकेला दिले तरी १२ लाख देणं राहील, आणि घरात पगार येणार नाही. घरखर्च महिना ३५ हजार आहे. हा हिशेब पत्नीसमोर बसून एकदा मांडा. मी हे घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या चार पानांत कथलाच्या भावावर अर्धं पान आहे आणि विम्यावर दीड ओळ, म्हणून लिहितोय.

राहिला नऊ लाखांचा संग्रह. ही किंमत तुम्ही विक्रीला लावलेल्या भावांवरून काढली आहे. लोक मागतात तो भाव वेगळा आणि मिळतो तो वेगळा. त्यातला मोठा वाटा ब्रिटन्स या इंग्रज खेळणी कंपनीच्या पोकळ ओतीव सैनिकांचा आहे. ही पद्धत त्या कंपनीने १८९३ मध्ये आणली आणि शिशाचं उत्पादन १९६६ मध्ये बंद केलं, म्हणजे मालाला नक्कीच मागणी आहे. पण त्याची किंमत मूळ रंग आणि मूळ खोक्यात असते. तुम्ही दोन संचांना हौसेने नवा रंग दिला आहे. नवा रंग लागला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत कितीतरी उतरते.

त्याहून वाईट गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘पावसाळ्यात कपाटातल्या काही सैनिकांना पांढरी बुरशी धरली, ती फडक्याने पुसून टाकली.’ ती बुरशी नाही. दमट हवा आणि प्लायवूडच्या कपाटातून सुटणारी आम्लाची वाफ यांनी शिसं आतून खाल्लं जातं आणि त्याचं पांढरं कार्बोनेट बनतं. ते सैनिकाच्या अंगातलंच शिसं आहे, भुकटी झालेलं, आणि ते विषारी आहे. कोकणातल्या पावसात लाकडी कपाटात ठेवलेला शिशाचा संग्रह दरवर्षी थोडा थोडा झिजणार. तो धातूच्या किंवा काचेच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ते फडकं फेकून द्या. घासायचंच असेल तर ओलं करून, हातमोजे घालून.

आणि तुमच्यानंतर हे विकणार कोण? कुठला संच कुणाला, किती किमतीला द्यायचा हे पत्नीला माहीत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वडील गेले, मुलांना जागा रिकामी करायची होती, आणि आयुष्यभर जमवलेले शिशाचे घोडेस्वार भंगारवाल्याने तराजूत घालून किलोच्या भावाने नेले. मुलांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी यादीच करून दिली नव्हती. तुमच्या संग्रहाची यादी, फोटो आणि घेतलेली किंमत असं आजच लिहून ठेवा. पण कुटुंबाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य धरा.

आता पॉलिसी. वर्षाला ७० हजार, २० वर्षं, एकूण १४ लाख भरायचे आणि शेवटी सुमारे २४ लाख मिळतील असं पत्रकात दाखवलंय. विकणाऱ्याने याला ‘जवळजवळ दामदुप्पट’ म्हटलं. २० वर्षांत! हा परतावा वर्षाला पाच टक्के पडतो. हेच ७० हजार पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी २० वर्षं गेले तर ३१ लाख होतात. सात लाखांचा फरक, आणि पीपीएफमागे सरकारची हमी आहे. इतकी वर्षं हे काम करतोय, पण ‘विमाही आणि बचतही’ म्हणून विकलेल्या या मालाचा मला अजून तितकाच राग येतो, कारण यात बचत तुटपुंजी होते आणि विमा तर नावालाच असतो. बँकेच्या काउंटरवर ओळखीच्या माणसाने सही घेतली म्हणून तुम्ही सही केलीत. तुमच्यासारखी शेकडो माणसं करतात.

तुम्हाला लागणारं कव्हर असं: कर्ज ३२ लाख, घरखर्चासाठी ७० लाख, मुलीच्या शिक्षणाला २०. सव्वा कोटी धरा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, साठीपर्यंतचा साधा टर्म विमा (बचत नाही, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे) वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. तो विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्या. अर्ज भरतानाच तसं सांगावं लागतं, नंतर जमत नाही. मग ती रक्कम पत्नी आणि मुलीचीच राहते, तुमच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात ठेवता येत नाही. उद्या धंदा वाढवायचा विचार असलेल्या माणसाला याची फार गरज असते.

अर्जात एक गोष्ट लपवू नका: तुम्ही घरी धातू वितळवता आणि विकता. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. न सांगता घेतलेला विमा ऐन वेळी वादात अडकतो. घराच्या आगीच्या विम्यालाही हेच लागू आहे.

आरोग्यविमा तुमचा फक्त कंपनीचा आहे, आणि नोकरी सोडायची स्वप्नं बघताय. तिघांसाठी दहा लाखांचा स्वतःचा घ्या, वीस-बावीस हजार. जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबला की त्या ७० हजारांतून दोन्ही विमे निघून वीस-पंचवीस हजार उरतात. ते मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात टाका, सध्या ८.२ टक्के व्याज आहे आणि खातं दहाव्या वर्षाआधी उघडावं लागतं. एफडीची मुदत संपेल तेव्हा तीही वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत तिकडेच वळवा.

मुलीवरून आठवलं, आणि हे मी सल्लागार म्हणून लिहीत नाही. ती तुमच्या शेजारी बसून ‘मोडके आणि चांगले’ असे नग वेगळे करते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ते आजपासून बंद करा. मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भट्टीवरची राख, कानशीचा कीस, तोंडात गेलेलं बोट, एवढं पुरतं. बॅटरीच्या शिशात अँटिमनी आणि आर्सेनिकही असतं. मुलीची आणि तुमची रक्तातल्या शिशाची तपासणी या आठवड्यात करून घ्या. शिसं नसलेल्या मिश्रधातूने नगामागे तीस रुपये जास्त जातील, ते जाऊ देत. भट्टीही बदलावी लागणार नाही, कथील शिशापेक्षा कमी तापमानाला वितळतं.

दिवाळीच्या किल्ल्यांसाठी पन्नास रुपयांचे मावळे विकायचा बेतही सोडा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्यात शिशाची मर्यादा इतकी कडक आहे की तुमचा सध्याचा धातू चाचणीच्या जवळपासही जाणार नाही. मोठ्यांच्या संग्रहासाठी विकताय तर तसं डबीवर स्पष्ट छापा. आणि बेंगळुरू, कोलकात्याला माल पाठवता म्हणजे राज्याबाहेरची विक्री झाली. तिथे वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला मिळणारी नोंदणीची सूट चालत नाही, जीएसटी नोंदणी लागते. विवरणपत्रात ही विक्री व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवा, पगारदारांचा साधा फॉर्म आता पुरणार नाही.

आधी टर्म विम्याचा अर्ज भरा. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. ती हातात आली की विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता, मुदतीपर्यंत ठेवली तर किती. बँकेतल्या माणसाचं तोंडी उत्तर घेऊ नका. ते पत्र मला पाठवा, दोन्हींतलं काय बरं ते सांगतो. पुढचा हप्ता डिसेंबरात आहे असं लिहिलंय, तोवर हे सगळं होण्याइतका वेळ आहे.