वाचकांचे प्रश्न : भराव घातला म्हणून समुद्र मालकीचा होतो का?

प्रश्न : आमच्या भागातली द्राक्षं न्हावाशेवाहून चीनकडे दक्षिण चीन समुद्रातूनच जातात. खडकावर बेट उभारलं की भोवतीचं पाणीही चीनचं होतं का? – एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत, नाशिक

उत्तर : नाही. दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचीफ रीफचंच बघा. भरतीला पाण्याखाली जाणारा हा प्रवाळखडक फिलिपिन्सच्या 200 सागरी मैलांच्या (सुमारे 370 किमी) आर्थिक क्षेत्रात येतो, म्हणजे जिथल्या मासे-खनिजांवर फिलिपिन्सचाच हक्क आहे. 1995 मध्ये चीनने तिथे खांबांवर झोपड्या बांधल्या. म्हणे मच्छीमारांचा निवारा! आज तिथे भराव घालून केलेली धावपट्टी आहे. पण आंतरराष्ट्रीय सागरी कायदा मूळ खडक पाहतो, भराव नाही. अशा खडकाला स्वतःचा 12 सागरी मैलांचा पट्टा, म्हणजे देशाच्या मालकीचं पाणी, मिळत नाही. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय लवादाने 12 जुलै 2016 ला हेच सांगितलं. चीनने निकाल धुडकावला.

चीनचे दिवंगत नेते डेंग शियाओपिंग यांचं धोरण ‘वाद बाजूला ठेवा, मिळून विकास करा’ असं होतं. चीनचं नौदल आणि तटरक्षक दल वाढलं, तशी ती भाषा मागे पडली. 2021 च्या चिनी तटरक्षक कायद्याने तर या दलाला परदेशी जहाजांवर बळाच्या वापराची मुभा दिली. तुमच्या कंटेनरची वाट आज खुली आहे. चिनी तटरक्षकांच्या जहाजांवरून मारलेले पाण्याचे फवारे सोसतात ते फिलिपिनो मच्छीमार, आणि हे अन्यायाचंच आहे.