नाळ जुळत नसते

गिरगावातल्या एका बाईंनी विचारलंय: सुनेच्या डॉक्टरीणबाई 'प्लासेंटा' म्हणतात, घरात आम्ही 'वार' म्हणतो, वैद्य 'अपरा' म्हणतात. मग वार आणि नाळ एकच का? आणि नाळेतून आईचं रक्त बाळाच्या अंगात जातं हे खरं का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. नाळ म्हणजे दोर. तो ज्या मांसल चकतीला जडलेला असतो ती वार, तीच अपरा. दिवस भरेपर्यंत वार अर्ध्या किलोच्या आसपास जाते, नाळ ५०-६० सेंटीमीटर होते. आईचं रक्त वारेत येतं आणि तिथल्या बारीक अंकुरांभोवती फिरून माघारी जातं. अंकुरांच्या आत बाळाचं रक्त, मध्ये पातळ पडदा. साखर जिथे जास्त तिथून कमीकडे आपसूक सरकते. अमिनो आम्लं आणि कॅल्शियम मात्र वार ताकद खर्चून ओढून घेते, म्हणून ती बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त सापडतात. थोड्याफार पेशी इकडच्या तिकडे जातात, ते सोडा. रक्त काही मिसळत नाही.

नाळेचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. दादरच्या सभागृहांतले निवेदक हल्ली दर कार्यक्रमात 'रसिकांशी नाळ जुळली' असं ठोकून देतात. अहो, जुळतात त्या तारा, सूर, पत्रिका! नाळ जन्माआधीपासून जोडलेली असते आणि जन्मल्यावर कापतात. कालपरवा भेटलेल्या माणसाशी ती कुठून जुळणार? 'तुझी नाळ इथे पुरली आहे का?' असं विचारणाऱ्या आज्यांना हे कळत होतं. आणि घोड्याच्या टापेला मारतात ती 'नाळ' नव्हे, 'नाल'. तो शब्द अरबी, त्याचा बाळंतपणाशी काही संबंध नाही.

आता खरी गंमत. आईकडून बाळाला काय पोचतं, या विषयातला सर्वांत देखणा मराठी शब्द वार नाही, नाळही नाही, तो आहे 'डोहाळे'. संस्कृतात दोहद. प्राकृतात त्याच्या द चा ड होतो आणि शेवटच्या द चा ल. १२व्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात दोन्ही नियमांत हा शब्द नाव घेऊन घातलाय. डोहल, डोहळा, डोहाळा. इथवर भांडण नाही.

भांडण आहे दोहद कुठून आला यावर. मोनियर-विल्यम्स या इंग्रज पंडिताचा संस्कृत-इंग्रजी कोश म्हणतो, बहुधा 'दौर्हृद'वरून, म्हणजे हृदयाचा बिघाड, मळमळ. साहेबांनी चिंचेवर तुटून पडलेली गर्भारशी कधी पाहिली नसावी! मळमळीला आपल्याकडे मळमळच म्हणतात. डोहाळे म्हणजे हवंहवंसं वाटणं. कोश उघडण्याआधी सुश्रुत उघडला असता तर बरं झालं असतं. चौथ्या महिन्याचं वर्णन करताना तो लिहितो, 'द्विहृदयां च नारीं दौहृदिनीमाचक्षते'. दोन हृदयांची बाई ती दौहृदिनी. चरकही 'द्वैहृदय्य' म्हणतो आणि कारण देतो: गर्भाचं हृदय रस वाहणाऱ्या वाहिन्यांनी आईच्या हृदयाशी बांधलेलं असतं, म्हणून त्याची इच्छा तिच्या तोंडून बोलते. द्वौचं प्राकृतात 'दो' होतं, तसंच द्विहृदचं दोहद. हा नुसता लोकांनी मागाहून जुळवलेला अर्थ आहे असं काही भाषाशास्त्री म्हणतील. म्हणोत! वैद्यांनी शब्दाचा अर्थ लावला की अर्थासाठी शब्द घडवला, यात माझा कौल दुसऱ्या बाजूला.

सोनोग्राफीत ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसतात, तेव्हा 'चौथा महिना' धरून बसू नका. पण चरकाचा आणखी एक शब्द सोडवत नाही: 'उपस्नेह', झिरपत्या ओलाव्याने होणारं पोषण. अवयव पुरते घडले नसताना गर्भ यावर जगतो, असं तो सांगतो. आजचं शास्त्रही म्हणतं की पहिले दहा-बारा आठवडे वारेत आईच्या रक्ताचा पुरता ओघ सुरू झालेला नसतो, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींचा स्राव गर्भाला पोसतो. चरकाकडे सूक्ष्मदर्शक होता असं मी म्हणत नाही, व्हॉट्सअॅपवर तसं फिरवूही नका.

हां, बाईंचा प्रश्न वारेचा होता. बाळंतपणातली 'वार' स्त्रीलिंगी, म्हणून 'वार पडली' म्हणा. 'पडला' म्हणालात तर कुणीतरी तलवार चालवली असं वाटेल. नऊवारीतला वार आणखी वेगळा.